ओळ क्रमांक एकशे सदतीस

३ मार्च, मंगळवार

प्रिय अर्धविराम,

गणिताच्या फोरमवरचे हे नाव कागदावर विचित्र दिसते, याची मला कल्पना आहे. परंतु तुमच्या खऱ्या नावाने तुम्हाला हाक मारण्याची मला सवय नाही. पाकिटावर ते लिहितानासुद्धा हात अवघडला. गेल्या चार वर्षांत आपण एकमेकांना अकराशेहून अधिक निरोप पाठवले, कागदावरचे पत्र मात्र हे पहिलेच.

शनिवारी मी फोरमवर तुम्हाला खासगीत लिहिले होते, “तक्त्यातील ओळ १३७ बद्दल थोडी शंका आहे.” तुमचे उत्तर आले, “नंतर बोलू काका, इथे गडबड आहे.” तेव्हापासून तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसलेला नाही. मी तो दिवसातून किती वेळा पाहतो, ते येथे लिहीत नाही.

शंका हा शब्द मी सौम्यपणासाठी वापरला होता. ती चूक आहे.

सगळे पहिल्यापासून मांडतो. तुम्हाला ते पाठ आहे, पण चूक कोठून शिरली हे शोधायचे तर आरंभापासून चालत येण्याखेरीज मला दुसरी पद्धत येत नाही.

मी खोक्यांच्या कारखान्यात कटाईचे नियोजन करतो. पुठ्ठ्याच्या मोठ्या तावातून कोणकोणत्या मापांचे तुकडे कसे काढायचे, हे ठरवणे माझे काम. आमचे यंत्र ताव या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ कापते, मध्ये थांबून वळत नाही. म्हणून कागदावर तुकडे एकमेकांत अडकवून कितीही सुबक बसवले, तरी ते यंत्राला कापता येतीलच असे नाही. अशा अडकलेल्या मांडणीला आमचे फोरमन ‘फिरकी’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी मी फोरमवर विचारले ते इतकेच, की तावाची रुंदी किती वाढवली म्हणजे फिरकी सुटते, म्हणजेच तेच तुकडे सरळ कापांनी निघतात? माझा अंदाज असा होता, की त्या मांडणीतल्याच एखाद्या तुकड्याच्या रुंदीइतकी भर नेहमी पुरते.

थर्मामीटर या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी ताबडतोब टोला दिला होता, “हा गणिताचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकाचा आहे.” तुम्ही मात्र विचारलेत, “पुठ्ठेवाले, तुकडा आडव्याचा उभा करता येतो का?” मी कळवले, की येत नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी एकाच दिशेने जातात. तुकडा फिरवला तर खोके उभे राहते, पण वजन घेत नाही. तुम्ही लिहिलेत, “मग हा वेगळाच प्रश्न आहे. आणि माझ्या माहितीप्रमाणे तो कुणी सोडवलेला नाही.”

त्या दिवशी दुपारी मी डबा उघडलाच नाही.

पुढचे सिद्धतेचे काम तुमचे. अकरा तुकड्यांपर्यंतच्या सर्व फिरक्या शेवटी दोनशे बारा आकृत्यांवर येतात, हे तुम्ही दाखवलेत. त्या दोनशे बारा आकृत्या हाताने काढून प्रत्येक सुटते की नाही हे तपासण्याचे काम मी मागून घेतले. तक्ता माझा आहे. ओळ १३६ आणि ओळ १३७ येथे आकृती एकच आहे, पहिलीत उभी आणि दुसरीत आडवी. १३६ मी सोडवली. १३७ समोर मी लिहिले, ‘वरीलप्रमाणे’.

ती वरीलप्रमाणे नाही. भर फक्त रुंदीतच घालता येते, त्यामुळे चौथाई फिरवलेली आकृती ही निराळी आकृती असते. ही गोष्ट मला २२ फेब्रुवारीला, रविवारी, तक्ता सहज चाळत असताना लक्षात आली.

तुमच्या निवड समितीची बैठक ९ एप्रिलला आहे आणि तुम्ही कायम व्हाल की नाही हे मुख्यतः याच शोधनिबंधावर ठरणार आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच फोरमवर न लिहिता येथे लिहितो. काय करावे, ते कळवावे.

आपला,
पुठ्ठेवाला

८ मार्च, रविवार

प्रिय अर्धविराम,

तुमचे उत्तर आलेले नाही. टपालाला चार दिवस लागतात असे धरले, तर ते अजून येऊ शकत नाही. हे समजूनही मी काल दोनदा खाली जाऊन पत्रपेटी पाहिली.

शुक्रवारी कारखान्यात एका नव्या कामगाराने तावांची एक आख्खी थप्पी आडवी लावली. चारशे खोकी तयार झाली, रचली गेली आणि तळातली बसली. मी त्या माणसाला सर्वांसमोर बोललो. माझा आवाज चढत नाही. मी फक्त प्रश्न विचारतो, आणि ते अधिक वाईट असते असे ऐकून आहे. तो खाली मान घालून उभा. शेवटी फोरमनच मध्ये पडले.

“साहेब, जाऊ द्या. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं हो.”

“दिसायला,” मी म्हणालो.

“तुम्हाला नाही चकवणार ते. तुमची नजरच वेगळी. आमचं काय, मान वाकडी केली की आडवं ते उभं!”

सगळे हसले. मला माझ्या खोलीत जाऊन बसावे लागले.

मागील पत्रातील एक विधान दुरुस्त करावयाचे आहे. ओळ १३७ मधील चूक मला २२ फेब्रुवारीला लक्षात आली, असे मी लिहिले. ते बरोबर नाही. ती मला नोव्हेंबरात माहीत होती.

तुम्हाला आठवत असेल, निबंध सप्टेंबरात पाठवला आणि नोव्हेंबरात परीक्षकांचे शेरे आले. त्यांतला सातवा शेरा असा होता: “ओळ १३७ समोर ‘वरीलप्रमाणे’ आहे. लेखकांनी खात्री करावी.” तुम्ही तो जसाच्या तसा मला पाठवलात आणि खाली लिहिलेत, “काका, हे तुमच्या खात्यातलं.” मी वीस मिनिटांत दोन शब्दांचे उत्तर दिले, “पडताळले आहे.” तुम्ही ते परीक्षकांना कळवलेत. जानेवारीत निबंध स्वीकारला गेला.

मी पडताळले नव्हते. आणि वीस मिनिटे लागली, ती हे दोन शब्द लिहायला.

याला एक कारण आहे. ते सबब म्हणून सांगत नाही. माझे थोरले बंधू अभियंता होते, आता निवृत्त आहेत. मी वाणिज्य शाखेला गेलो त्या वर्षापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत. “अरे कॉमर्स, पंखा जरा कमी कर.” “कॉमर्सला विचारा, त्याला बेरीज येते.” माझ्या लग्नातही हेच. त्या नोव्हेंबरातल्या रविवारी दादा जेवायला आला होता. निबंधाचे पहिले पान टेबलावर होते, मी ते मुद्दाम तेथे ठेवले होते. त्याने चष्मा पुसला, पान उचलले, उभ्याउभ्याच वाचले. मग खाली ठेवून म्हणाला, “यातलं मला काही कळलं नाही रे.”

रे म्हणाला. कॉमर्स म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवा शेरा आला.

आपला,
पुठ्ठेवाला

१९ मार्च, गुरुवार

प्रिय अर्धविराम,

दोन पत्रे तुम्हाला नक्की मिळाली आहेत; पोच मागवली होती, तिच्यावर तुमच्या विभागाचा शिक्का आहे. म्हणजे तुम्ही वाचून गप्प आहात. हे तुमच्या हक्काचे आहे. तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. आजकाल मी सकाळी पाऊण तास लवकर निघतो आणि कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहतो, कारण आत जाऊनही तेवढेच उभे राहायचे असते.

काल सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्या सहसा बसत नाहीत.

“कुणाला एवढं लांबलचक लिहिताय?”

“त्या प्राध्यापकबाईंना.”

“फोन नाही का त्यांना?”

“आहे.”

“मग?”

“फोनवर खोडता येत नाही.”

“खोडायचंय कशाला? खरं तेच बोलणार ना?”

मी चहा प्यायलो. त्या उठून गेल्या, दाराशी थांबल्या. “दोन आठवडे झाले, तुम्ही भाजीत मीठ नव्हतं तरी बोलला नाहीत. मी मुद्दाम घातलं नव्हतं.”

तेव्हा आणखी एक विधान दुरुस्त करतो. हे शेवटचे.

पहिल्या पत्रात मी ‘चूक’ लिहिले. दुसऱ्यात ‘पडताळले नव्हते’ लिहिले. दोन्ही वाचून कोणाचाही समज असा होईल, की ऑगस्टात तक्ता भरताना माझ्या हातून नजरचुकीने ‘वरीलप्रमाणे’ पडले. सवयीने, घाईत. आमच्या कामात तो शब्द दिवसातून पन्नास वेळा लिहावा लागतो, त्यामुळे हे पटण्यासारखेही आहे.

तसे झाले नाही. ऑगस्टात मी ओळ १३७ नऊ दिवस सोडवत होतो. दहा तुकडे. मी ते पुठ्ठ्यातून कापून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर लावत बसलो. सर्वांत रुंद तुकड्याइतकी भर घालूनही शेवटी एक तुकडा बाहेर राहत असे, दर वेळी वेगळा. नवव्या दिवशी मी ते तुकडे गोळा केले, पाकिटात घातले आणि तक्त्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहिले. विसरून नाही. दोनशे अकरा ओळी भरल्या होत्या आणि एक रिकामी दिसत होती, म्हणून लिहिले. माझ्या तक्त्यात रिकामी ओळ कधी नसते.

त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली, की सुटत असणारच, मलाच दिसत नाही. मी काही गणिती नव्हे. हे नम्रपणाचे वाक्य मी एरवी कधीही उच्चारत नाही. तेवढ्यापुरते उपयोगी पडले.

तुमचा,
पुठ्ठेवाला

३० मार्च, सोमवार

प्रिय अर्धविराम,

तुमचे पत्र शनिवारी कारखान्याच्या पत्त्यावर आले. ते मी बांधणी विभागात उभ्याने वाचले, कारण बसायला जाईपर्यंत धीर नव्हता. त्यानंतर किती वेळा वाचले हे सांगण्यात अर्थ नाही. त्यातला मधला भाग मी येथे उतरवून काढतो. तुम्ही जे लिहिलेत ते मला नीट समजले आहे ना, हे मला माझ्या अक्षरात पाहायचे आहे.

“काका, तुमची तिन्ही पत्रं वाचली आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता मी सांगायला हवं. निबंधात आपण लिहिलंय की सगळ्या आकृत्या हातानं आणि प्रोग्रामनं, स्वतंत्रपणे तपासल्या. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द माझा आहे. प्रोग्राम सप्टेंबरमध्ये एकशे सदतीसवर अडला होता. निबंध पाठवायच्या चार दिवस आधी. मी तुमचा तक्ता उघडला, तिथे ‘वरीलप्रमाणे’ होतं. तुम्ही असे आहात की माझा एक पूर्णविराम राहिला म्हणून तुम्ही आख्खं पान परत पाठवलं होतंत. तुमच्या तक्त्यात चूक असेल हे मला सुचलंच नाही. मी घाईत प्रोग्राम लिहिते, सगळ्यांना माहितीये. म्हणून मी प्रोग्राम दुरुस्त केला. आडवी आणि उभी आकृती एकच धर, असं त्याला सांगितलं. मग दोनशे बारापैकी दोनशे बारा. त्यानंतर त्यानं खरं म्हणजे काहीच तपासलं नाही. तुमचा शनिवारचा निरोप आला त्या क्षणी मला कळलं. म्हणून मी गप्प होते.

“नऊ तारखेपर्यंत थांबा. सहा वर्षं मी वर्षावर्षाच्या नेमणुकीवर आहे, दर मे महिन्यात टेबल रिकामं करते आणि जूनमध्ये परत लावते. नऊनंतर दोघं मिळून सांगू, निबंध मागे घेऊ, जे काय असेल ते. मी तुमची भाची असते, तर तुम्ही थांबला असता.”

माझा स्वभाव हा माझा गुण आहे, असे मी छत्तीस वर्षे समजत आलो. यंत्र खरे बोलत होते आणि तुम्ही ते माझ्या भरवशावर खोटे केलेत. मला याची कल्पना नव्हती, हे कृपया खरे माना. आता मी काहीही म्हटले तरी ते खरे मानावे असे कारण उरलेले नाही, तरीही.

थांबता येईल, असे मला आज वाटते. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी हे वाक्य लिहून उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो. वाक्य तेथेच आहे. पुन्हा उठलो.

तुमचा,
काका

३ एप्रिल, शुक्रवार

प्रिय अर्धविराम,

मी थांबणार नाही.

हे वाचून तुम्ही पत्र फाडलेत तर पुढचे मला फोनवर सांगता येणार नाही, म्हणून विनंती, की फाडण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचावे.

तुम्ही लिहिता, भाची असते तर थांबला असता. मी याचा चार दिवस विचार केला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आहे, तुमच्याच वयाची. तिच्यासाठी मी थांबलो असतो, हे खरे आहे. आणि पुढे आयुष्यभर तिच्या घरी जाताना मी वेळ पाहून गेलो असतो, लवकर निघालो असतो, आणि तिनेही मला आग्रह केला नसता.

आज ही चूक माझी आहे. सप्टेंबरात तुम्ही प्रोग्राम बदललात ते विश्वासाने. तो विश्वास अस्थानी होता, पण ते खोटे नव्हते. नऊ तारखेला तुम्ही समितीसमोर बसाल आणि ते विचारतील, या निबंधाविषयी सांगा. तुम्ही सांगाल. त्या मिनिटापासून ते तुमचे होईल. माझे दोन शब्द वीस मिनिटांत लिहून झाले आणि त्यांना पाच महिने होऊन गेले. तुम्हाला तर तासभर बोलावे लागेल.

मंगळवारी, सात तारखेला, दुपारच्या सुट्टीत मी फोरमवर पुढील मजकूर टाकणार आहे. नियतकालिकाच्या संपादकांनाही तोच पाठवीन.

“आमच्या शोधनिबंधातील तक्त्याची ओळ १३७ खोटी आहे. ती मी, पुठ्ठेवाला, जाणूनबुजून भरली. ऑगस्टात ती आकृती मला सुटली नव्हती. नोव्हेंबरात परीक्षकांनी विचारल्यावर ‘पडताळले आहे’ असे उत्तर मी दिले, तेही खोटे होते. सहलेखिकेला यातील काहीही माहीत नव्हते.”

प्रोग्रामचा उल्लेख मी केलेला नाही आणि करणार नाही. शेवटचे वाक्य शब्दशः पाहता खरे आहे, कारण ‘यातील’ म्हणजे वरच्या चार वाक्यांतील. काटेकोरपणाचा असाही उपयोग होतो, हे मला या वयात कळले. समिती तुम्हाला फसवली गेलेली सहलेखिका मानेल. तुमचे बाकीचे काम तिच्यासमोर आहेच.

रागावलात तरी चालेल.

तुमचा,
काका

७ एप्रिल, मंगळवार

प्रिय अर्धविराम,

आज जे झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. परंतु ते माझ्या बाजूने कसे झाले, हे फोरमवर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी घरी येताच लिहितो.

साडेबारा वाजता मी खोलीचे दार लावून घेतले आणि मजकूर टाकला. अकरा मिनिटांनी थर्मामीटर आले. मला वाटले होते, ते उकळतील. त्यांनी लिहिले:

“वाईट वाटलं, पुठ्ठेवाले. पण एक समजेना. निबंधात लिहिलंय की प्रोग्रामनं स्वतंत्रपणे तपासलं. मग प्रोग्रामला ही ओळ कशी सुटली?”

इतका साधा प्रश्न. मी मजकुराचे सहा मसुदे केले होते आणि हा प्रश्न कोणी विचारील, हे माझ्या मनात एकदाही आले नाही. तुमचे नाव झाकायच्या नादात मी ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द झाकायला विसरलो.

मी उत्तर लिहायला घेतले. “प्रोग्राममध्ये काही तांत्रिक...” खोडले. “त्याविषयी मला माहिती नाही.” हे साफ खोटे, खोडले. “हा प्रश्न सहलेखिकेला...” हे तर सर्वांत वाईट, तेही खोडले. उत्तर न द्यावे, तर शंका तुमच्यावर जाते. द्यावे, तर एक तर मी पुन्हा खोटे बोलतो, किंवा तुम्ही मला विश्वासाने लिहिलेले उघड करतो. दुसऱ्या कोणीतरी खाली लिहिले, “हो, मलाही हेच विचारायचं होतं.” मग तिसऱ्याने. सुट्टी संपली. फोरमननी दारावर टकटक केली.

“साहेब, दुपारचे ताव लावायचेत. किती घ्यायचे?”

“थांबा.”

“यंत्र चालू ठेवलंय हो.”

“बंद करा.”

ते आत आले, माझ्याकडे पाहिले. सोळा वर्षांत मी यंत्र कधी बंद करायला सांगितलेले नाही. “बरं नाही का वाटत? पाणी आणू?”

मी मान हलवली, आणि तेवढ्यात पडद्यावर तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला.

तुमच्या तीन ओळी मला पाठ झाल्या आहेत.

“प्रोग्राम सप्टेंबरमध्ये १३७ वर अडला होता. मी तो बदलून घेतला आणि कुणालाही सांगितलं नाही. काकांनी माझं नाव वाचवण्यासाठी हे वर लिहिलेलं नाही, पण त्याची गरज नाही.”

फोरमवर तुम्ही मला आजवर ‘पुठ्ठेवाले’ म्हणत आलात. ‘काका’ फक्त खासगीत होते.

तुम्ही हे रागाने लिहिलेत की कशाने, मला ठरवता आलेले नाही. बैठक परवा आहे. तुमच्याकडे दोन दिवस होते आणि माझे वाक्य तुमच्यापुढे ढालीसारखे धरलेले होते. मागे उभे राहणे एवढेच करायचे होते.

फोरमनना मी म्हटले, “चाळीस ताव घ्या.” ते म्हणाले, “साहेब, रडताय का तुम्ही?” मी म्हणालो, पुठ्ठ्याची धूळ. ते म्हणाले, “एवढी वर्षं नाही गेली ती डोळ्यांत.”

तुमचा,
काका

२६ एप्रिल, रविवार

प्रिय अर्धविराम,

तुमचे कार्ड मिळाले. मायना नाही, सही नाही, चारच वाक्ये: “समितीनं निर्णय वर्षभर पुढे ढकलला. निबंध मागे घेतला. नऊ तुकड्यांपर्यंतचं विधान उरतं का पाहायला हवं. आकृत्या नव्यानं हव्यात, सगळ्या, आणि जुना तक्ता समोर ठेवू नका.”

वर्षभर, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा टेबल रिकामे करावे लागणार. मी क्षमा मागत नाही, कारण ती तुम्हाला द्यावी लागेल आणि तुमच्याकडे आत्ता पुष्कळ कामे आहेत.

दादाला मी सांगितले. तो जेवायला आला होता. तो म्हणाला, “कुणाला कळलं असतं रे?” मी म्हणालो, “परीक्षकाला कळलं होतं, यंत्राला कळलं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं.” त्याने भात कालवला. नंतर म्हणाला, “कॉमर्स, आमटी वाढ.” सौभाग्यवती ताडकन म्हणाल्या, “त्यांना नाव आहे, भाऊजी.” आणि आमटी मलाच आधी वाढली.

जुना तक्ता मी कपाटात ठेवला नाही, तो सौभाग्यवतींच्या हाती दिला आणि कुठे ठेवला ते सांगू नका म्हटले. रोज सकाळी साडेपाच ते आठ आकृत्या काढतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्या. नऊ तुकड्यांपर्यंतच्या एकशे आठ पूर्ण झाल्या, त्या सोबत जोडल्या आहेत, प्रत्येक स्वतंत्र कागदावर. आडवी आणि उभी दोन्ही वेगळ्या सोडवल्या आहेत. प्रत्येक तुकड्यावर पन्हळीची दिशा बाणाने दाखवली आहे, म्हणजे मान वाकडी करून पाहणाऱ्यालाही फसता येणार नाही. दहा व अकरा तुकड्यांच्या उरलेल्या पुढे पाठवीन. १३७ त्यांच्यात येईल. ती सुटत नाही हे थर्मामीटरांनी आता रीतसर दाखवले आहे. दाखवून झाल्यावर त्यांनी मला लिहिले, “नऊ दिवस? मला अकरा लागले.”

एका कागदाकडे तुमचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ओळ ९४. नऊ तुकडे आहेत. जुन्या तक्त्यात ही मी प्रामाणिकपणे सोडवली होती, निदान तसे मला आठवते. या वेळी बाण काढल्यावर दिसले, की जुने उत्तर जुळायला एक तुकडा आडवा ठेवावा लागतो. तेव्हा मी तो आडवा ठेवला असणार आणि मला दिसला नसणार. आता तो सरळ ठेवून मी सहा सकाळी घालवल्या. सुटत नाही, असे मी म्हणत नाही. तसे दाखवणे मला जमणार नाही. सुटते, असेही म्हणता येत नाही. याचा अर्थ आपण नऊपर्यंत म्हणून वाचवू पाहत असलेले विधान तूर्त आठपर्यंतच धरावे लागेल. आठपर्यंतचे कोणी छापील का, याची मला शंका आहे, आणि पुढच्या वर्षी समितीसमोर ठेवायला ते फार थोडे आहे. हे सर्व लक्षात घेऊन मी हा कागद दोन दिवस बाजूला ठेवला होता.

आज सकाळी पाठवायचे ठरवले. ओळीसमोर काय लिहावे, याचा विचार करताना आधी पेन्सिल घेतली. मग ती ठेवून शाईचे पेन घेतले. ओळ ९४ समोर मी ‘जमले नाही’ असे लिहिले आहे.

तुमचा,
काका